मोटरसायकलचे शॉकअप स्वतः सेट करा: पांदण, गिट्टी आणि डबल सीटसाठी

युरियाची एक थैली ४५ किलोची. चालवणारा ६५ किलोचा धरला तर गाडीवर ११० किलो झाले. तोच माणूस संध्याकाळी त्याच गाडीवर एकटा चौकात जातो, आणि रविवारी बायको-लेकराला घेऊन सासुरवाडीला. वजन असं सारखं बदलतं, पण मागचे शॉकअप शोरूममधून ज्या खाचेवर आले त्याच खाचेवर वर्षानुवर्षं राहतात. मग रिकामी गाडी गिट्टीवर उड्या मारते आणि लादलेली गाडी वळणावर हँडल ऐकत नाही. पुष्कळदा गाडी चांगली असते, फक्त तिला वजनाप्रमाणे बसवलेलं नसतं.

इथे लिहिलेलं मुख्यतः १०० ते १५० सीसीच्या रोजच्या गाड्यांसाठी आहे: पुढे साधा टेलिस्कोपिक फोर्क (नळीत नळी सरकणारा पुढचा शॉकअप), मागे दोन शॉकअप आणि त्यांना पाच खाचांची रिंग. मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप, असेल तरी मोजायची पद्धत हीच.

१. स्प्रिंगचं काम वेगळं, तेलाचं वेगळं

शॉकअपची स्प्रिंग वजन उचलते. आतलं तेल स्प्रिंगची उडी आवरतं. खालची रिंग फिरवली की यातलं फक्त पहिलं बदलतं, तेही अर्धंच. रिंगने स्प्रिंग कडक होत नाही. तार तीच, वेढे तेवढेच. ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते, म्हणून गाडीचा मागचा भाग कमी खाली बसतो. यालाच प्रीलोड म्हणतात.

हे नीट समजलं की अर्धा गोंधळ संपतो. तेल गेलेल्या जुन्या शॉकअपला पाचव्या खाचेवर नेलं तर गाडी आणखी उडते, कारण ताण वाढला पण आवरणारं कुणी नाही.

मागचा भाग जास्त बसला की पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं. हँडल हलकं लागतं, गाडी वळणाच्या बाहेर जायला बघते, आणि हेडलाइट रस्ता सोडून झाडाच्या शेंड्यावर पडतो. मागचा भाग फार उंच झाला की उलट: हँडल चपळ होतं, पण ब्रेक मारला की पुढचा फोर्क पार खाली जातो आणि रेतीवर पुढचं चाक निसटायची भीती वाढते.

२. जवळ काय ठेवायचं

- हूक पाना, म्हणजे शॉकअपची रिंग फिरवायचा वाकडा पाना. बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये असतो. नसला तर हार्डवेअरमध्ये मिळतो.
- रिंग पान्यांचा सेट, मिलिमीटरवाला स्टीलचा टेप, हवा मोजायचा स्वतःचा गेज
- दोन बारीक प्लास्टिक टाय, चिकटपट्टी, पेन, वही
- जुना टूथब्रश, पाणी, सुती कापड, हातमोजे
- गाडी धरायला एक माणूस
- गाडीची मालकपुस्तिका, सर्व्हिस बुक आणि खरेदीचं बिल

शेवटची ओळ सोडू नका. हवेचे, तेलाचे, चेनच्या ढिलाईचे आकडे मालकपुस्तिकेत असतात आणि ते प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. गाडी वॉरंटीत असेल आणि शॉकअप गळत असेल तर तो बाहेर उघडू नका. बिल आणि सर्व्हिस बुक घेऊन थेट अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा.

३. रिंगला हात लावण्याआधी चार तपासण्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग दिवसभर खाचा बदलत बसतात. गाडी हलते याचं कारण पुष्कळदा शॉकअप नसतंच.

हवा. सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. या वर्गातल्या अनेक गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय सांगितलेलं असतं, डबल सीटला मागे त्याहून जास्त; नेमका आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत बघा. पंक्चरच्या दुकानात सरसकट पुढे-मागे ३५-४० भरून देतात. तेवढ्या हवेने टायर दगडासारखा होतो आणि दोष शॉकअपवर येतो. मे महिन्यात दुपारच्या डांबरावरून आल्यावर हवा जास्त दिसणारच, म्हणून गरम टायरची हवा सोडू नका. रात्री टायर थंड झाला की तो कमी हवेचा निघेल.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी डबल स्टँडवर लावा, मागून कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला. फोर्कच्या खालच्या दोन्ही नळ्या धरून पुढे-मागे ओढा. खटखट आली तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट कसून भागणार नाही, बदलावाच लागेल. अशा गाडीचं हँडल सरळ रस्त्यावर बारीक-बारीक डुलतं.

चिमट्याचे बुश. चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा. मागचं चाक अधांतरी ठेवून आडवं हलवा. चाकासोबत चिमटाही हलला तर बुश गेले. फक्त चाक हललं तर बेअरिंग. वणी-घुग्घूसकडे कोळशाच्या ट्रकांनी फोडलेल्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांनी ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करावी.

शॉकअपचे रबर आणि गळती. वरच्या-खालच्या बोल्टच्या जागचं रबर फाटलं की खड्ड्यात टक्कन आवाज येतो. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तो संपला. अशा वेळी पुढच्या पायऱ्या करून उपयोग नाही.

४. गाडी किती बसते ते मोजा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. अंदाजाने फिरवलेली खाच आणि मोजून फिरवलेली खाच यांत किती फरक असतो ते पहिल्याच वळणावर कळतं.

मागच्या ॲक्सलच्या नटपासून सरळ वर, साइड पॅनलवर किंवा सीटच्या दांडीखाली चिकटपट्टी लावून पेनने खूण करा. नट ते खूण हे अंतर तीनदा मोजायचं आहे.

पहिलं माप डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना. दुसरं, गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी आणि वर कुणी नाही. तिसरं, तुम्ही नेहमीसारखे बसलेले, दोन्ही पाय फुटरेस्टवर, सोबतीने हँडल धरलेलं.

शॉकअपमध्ये आतून थोडं घर्षण असतं, त्यामुळे माप एकसारखं येत नाही. म्हणून दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्या. एकदा सीट दाबून हळू सोडा आणि मोजा. एकदा मागची दांडी वर ओढून हळू सोडा आणि मोजा. दोन्हींची सरासरी खरी.

उदाहरण: अधांतरी ५४० मिमी. तुम्ही बसल्यावर दाबून सोडल्यास ५०८, ओढून सोडल्यास ५१४. सरासरी ५११. म्हणजे गाडी २९ मिमी बसली.

किती बसायला हवी? चालवणारा बसल्यावर चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश. मागच्या चाकाची हालचाल ९० मिमी असेल तर साधारण २३ ते ३० मिमी. नुसती गाडी स्वतःच्या वजनाने ५ ते १० मिमी बसली पाहिजे. गाडी रिकामी असताना अजिबातच बसत नसेल तर ताण जास्त आहे: अशा गाडीचं चाक खड्ड्यात उतरायला मोकळं नसतं, ते खड्ड्यावरून उडतं आणि पकड सुटते.

डबल स्टँड नसलेल्या गाडीला साइड स्टँडवर कलवून दोघांनी मागचं चाक जमिनीवरून उचला आणि तिसऱ्याने मोजा. जॅक इंजिनच्या खालच्या नाजूक भागावर किंवा सायलेन्सरवर टेकवू नका.

५. मागची खाच बदला

सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. पाना सटकला की बोटं थेट त्यावर आपटतात.

गाडी डबल स्टँडवर घ्या. चाक अधांतरी असलं की स्प्रिंग मोकळी असते आणि रिंग सहज फिरते. आधी टूथब्रश आणि पाण्याने खाचांमधली माती काढा. वाळलेली काळी माती सिमेंटसारखी घट्ट बसते, आणि तिच्यासकट रिंग फिरवली तर खाचेच्या कडा झिजतात. रिंग जाम असेल तर गंज सोडवायचा स्प्रे थोडासाच मारा आणि मागचा ब्रेक कापडाने झाकून ठेवा.

आता हूक पाना रिंगमध्ये अडकवून एकेक खाच फिरवा. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, खाचा क्रमानेच: १, २, ३, ४, ५ किंवा त्याच वाटेने परत. एक नंबरवरून उलटं फिरवून थेट पाचवर किंवा पाचवरून थेट एकवर नेऊ नका. शॉकअप खराब होऊ शकतो.

दोन, डावी-उजवीकडची खाच एकच हवी. दोन्ही बाजूंच्या रिंगा कधी एकमेकींच्या उलट फिरतात, म्हणून दिशा पाठ करू नका, पायऱ्या मोजा. स्प्रिंगचा खालचा कप वर चढला की ताण वाढला. एक बाजू दोनवर आणि दुसरी चारवर राहिली तर चिमट्याला पीळ बसतो आणि गाडी एका बाजूच्या वळणाला वेगळी, दुसऱ्याला वेगळी वागते. सेट झाल्यावर रिंगवर रंगाचा ठिपका द्या. वरून नजर टाकली तरी कळतं.

सुरुवात करायला असा अंदाज धरा, आणि मग चौथ्या पायरीने मोजून पक्का करा:

- एकटा, ६५ किलोपर्यंत: १ किंवा २
- एकटा, ८० किलोच्या वर: २ किंवा ३
- डबल सीट, किंवा मागे एक ४५ किलोची थैली: ४
- डबल सीट आणि वर सामान: ५

दोन थैल्या आणि चालवणारा मिळून १५५ किलो होतात. या वर्गातल्या अनेक गाड्यांची मर्यादा चालवणाऱ्यासकट १३० किलोच्या आसपास असते. तुमची पुस्तिकेत बघा. त्यापुढच्या वजनाला कुठलीच खाच पुरत नाही. दोन फेऱ्या मारा.

वजन कुठे आहे यालाही तेवढंच महत्त्व. दुधाचे कॅन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकवले की तरफेसारखं होऊन पुढचं चाक उचललं जातं. कॅरिअर जितकं खाली आणि जितकं पुढे, तितकं हँडल जमिनीवर. दोन्ही बाजूंचे कॅन सारखे भरा. एक बाजू रिकामी करून येताना गाडी सतत एकीकडे ओढते, आणि ते खाचेने सुधारत नाही.

खाच बदलल्यावर चेन बघायलाच हवी. इंजिनचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते, आणि लादलेली गाडी त्या रेषेजवळ जाते. रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन वजन पडल्यावर कडकड करते आणि बेअरिंग खाते. बहुतेक ठिकाणी २० ते ३० मिमी ढिलाई चालते. तुमचा आकडा पुस्तिकेतून घ्या. हेडलाइटचा झोतही पुन्हा बसवा. रात्री पांदणीत ट्रॅक्टर समोर आला की याची किंमत कळते.

६. पुढचा फोर्क: आधी प्लास्टिक टाय

साध्या फोर्कला बाहेरून फिरवायला काहीच नसतं, म्हणून लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. पण ब्रेक, वळण आणि खड्डा तिन्हींचा पहिला मार तोच घेतो.

फोर्कच्या चकचकीत नळीवर एक प्लास्टिक टाय बांधा. सरकेल इतपत घट्ट, आपोआप घसरू नये. रबरी बूट असेल तर तो वर सरकवून बांधा. टाय खाली सीलपर्यंत आणा आणि नेहमीच्या रस्त्याने दोन-तीन किलोमीटर जाऊन या: एक स्पीडब्रेकर, एक खड्डा, एक जोराचा ब्रेक. टाय किती वर सरकला ते बघा. फोर्क किती दबला ते त्याने लिहून ठेवलेलं असतं.

सर्वांत मोठ्या धक्क्यातही १० ते १५ मिमी हालचाल शिल्लक राहायला हवी. ती अजिबात राहत नसेल आणि ठक्क आवाज येत असेल तर फोर्क तळाला लागतोय. निम्म्याहून जास्त नळी वापरलीच जात नसेल तर तो गरजेपेक्षा कडक आहे, किंवा वाकडा बसल्यामुळे अडकतोय.

अडकण्याचं एक सोपं कारण: पंक्चर काढून चाक बसवताना ॲक्सल कसला, पण फोर्क एका रेषेत आला नाही. ॲक्सलचा नट थोडा ढिला करा, गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरा, फोर्क चार-पाचदा जोरात दाबा आणि तसाच नट कसा. फुकटचा उपाय, आणि पुष्कळदा पुरेसा.

मग तेल तपासा. पुढचा ब्रेक धरून हँडल पूर्ण दाबा आणि सोडा. फोर्क एकदा वर येऊन थांबला तर ठीक. वर-खाली दोन-तीन झोके घेतले तर तेल पातळ झालंय किंवा कमी झालंय.

७. फोर्कचं तेल बदलताना

पहिल्यांदा हे जाणत्या मिस्त्रीजवळ उभं राहून करा, पण काय होतंय ते बघत राहा. पुस्तिकेत मुदत दिली नसेल तर दोन वर्षं किंवा २० हजार किलोमीटर हा हिशोब ठीक. चिखलाच्या पांदणीतून रोज जाणाऱ्यांनी त्याआधीच.

गाडीचा पुढचा भाग आधी भक्कम आधारावर घ्या, कारण वरचा बोल्ट काढला की फोर्क बसतो. वरच्या क्लॅम्पचा बोल्ट आधी सैल करा, मग फोर्कचा टोपीबोल्ट. या टोपीखाली दाबलेली स्प्रिंग असते: शेवटचे आटे सोडताना तळहाताने दाबून धरा आणि चेहरा बाजूला ठेवा. वॉशर, नळी, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा. स्प्रिंगची वरची-खालची बाजूही लक्षात ठेवा.

जुनं तेल पूर्ण उलटं करून काढा, नळी १०-१५ वेळा वर-खाली करून उरलेलंही झटका. काळं, राखेसारखं आणि कुबट वास येणारं तेल निघालं तर समजा, बदल लांबला होता. नवं तेल मोजपात्राने घाला, बाटलीतून अंदाजाने नाही. पुस्तिकेतला ग्रेड (तेलाच्या घट्टपणाचा आकडा), बहुतेकदा १०डब्ल्यू, आणि दोन्ही पायांत मिलिलिटरपर्यंत सारखं.

जास्त तेल म्हणजे जास्त आराम, असं नसतं. तेलावरची हवा शेवटच्या टप्प्यात उशीसारखं काम करते. तेल जास्त झालं की हवेला जागा उरत नाही, फोर्क शेवटी दगड होतो आणि दाबाने सील फुटतं. इंजिन ऑइल तर फोर्कमध्ये घालूच नका. अकोला-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या पहाटे हुडहुडी भरते. दोन्ही टोकांना एकसारखं वागावं म्हणूनच फोर्कचं तेल वेगळं बनवतात.

तेल ठीक असूनही फोर्क फार बसत असेल, म्हणजे ११५ मिमी हालचालीपैकी ४० मिमीच्या वर, तर स्प्रिंग थकली आहे. जोडीने बदला. तात्पुरतं म्हणून स्प्रिंगवर ५ मिमीचा वॉशर दोन्हीकडे सारखा चालतो. १० च्या पुढे जाऊ नका, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतील.

८. एका वेळी एकच बदल

चाचणीचा रस्ता एकच ठेवा. गावाबाहेरचा पूल, त्यापुढचं वळण, गिट्टीचा तुकडा, परत. वेग ३०-४०. प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहा: हवा किती, खाच कोणती, वजन किती, काय जाणवलं.

खाच आणि हवा एकदम बदलली तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही. वळणात मागचा भाग डुलत असेल तर एक खाच वाढवा. रिकाम्या गाडीचं मागचं चाक गिट्टीवर टणटण उडत असेल तर एक खाच कमी करा. दोन्ही एकाच वेळी होत असेल, म्हणजे गाडी बसतेही जास्त आणि उडतेही, तर शॉकअपचं तेल गेलंय. तो जोडीनेच बदलावा लागेल. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट डबल सीट चढायचा असेल तर खाच निघण्याआधी घरीच बदला.

महागड्या गाड्यांना तेलाचा वेग बदलायचे स्क्रूही असतात. तिथे आधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवत टिक मोजा, आकडा लिहा, तेवढेच टिक परत बाहेर आणा, मग दोन-दोन टिकने बदला.

९. हे करू नका

स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर किंवा पाइपचे तुकडे कोंबणं सगळीकडे दिसतं. तेवढे वेढे जाम होतात, सगळा भार उरलेल्या वेढ्यांवर जातो आणि स्प्रिंग तिथेच तुटते.

शॉकअप भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून घेऊ नका. बाजूला गॅसची डबी जोडलेल्या शॉकअपमध्ये दाबाखालचा गॅस असतो. त्याला भोक पाडणं किंवा आग दाखवणं जिवावर बेतू शकतं.

फक्त एकच शॉकअप नवा टाकू नका. उंची वाढवायला पट्ट्या लावून शॉकअप लांब करू नका. चेनचा कोन बिघडतो आणि डबल स्टँडही नीट लागत नाही.

१०. पावसाळ्यातलं पाच मिनिटांचं काम

वावरातून आल्यावर फोर्कच्या चकचकीत नळीवरची काळी माती ओली असतानाच पाण्याने धुवा. वाळली की ती काचकागदासारखी होते आणि प्रत्येक खड्ड्यात सीलखाली ओढली जाते. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा थेट सीलवर धरू देऊ नका, तो माती आत ढकलतो.

सील नुकतं झिरपायला लागलं असेल तर वरचं धूळरबर सावकाश उचला, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापून सील आणि नळीच्या मधून गोल फिरवा. आत अडकलेला कण पट्टीवर काळ्या रेघेसारखा निघतो. नळी पुसा, २० किलोमीटर चालवा, पुन्हा बघा. तरीही ओलं दिसलं तर सील बदला, आणि तोवर पुढच्या ब्रेकवर नजर ठेवा. फोर्कचं तेल डिस्कवर उतरलं की ब्रेक लागत नाही.